पाटीमागची वही

मुंबईच्या गिरणगावातली, म्हणजे कापडगिरण्यांच्या कामगार वस्तीतली, एखादी जुनी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली की एक ठरावीक वाद सुरू होतो. एका बाजूचे लोक तळमजल्यावरच्या वाण्याच्या दुकानाची, कोपऱ्यावरच्या इराण्याची, माकडछाप काळ्या दंतमंजनाच्या पत्र्याच्या पाटीची आणि गायछाप जर्दा रंगवलेल्या भिंतीची आठवण काढून हळहळतात. दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात की शंभर-दीडशे चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसे राहत होती, पहाटे सार्वजनिक संडासापुढे टमरेल घेऊन रांग लावत होती, त्या दिवसांचे एवढे कौतुक कशासाठी? लालबाग, परळ, करी रोड, डिलाइल रोड, काळाचौकी या परिसरात हा वाद मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की दोन्ही बाजू तो चुकीच्या जागी उभ्या राहून घालतात. दोघांच्याही लेखी जुने दुकान म्हणजे एक चित्र आहे. एकाला ते भिंतीवर हवे आहे, दुसऱ्याला ते उतरवून टाकायचे आहे. माझ्या मते कामगार वस्तीतल्या दुकानांच्या आणि जाहिरातींच्या आठवणी ही साक्ष आहे. गिरणीच्या दप्तरात, सरकारी याद्यांत आणि भाडेपावत्यांत जो व्यवहार कधी उतरलाच नाही, त्याची ती बहुधा एकमेव साक्ष आहे. म्हणून ती हळहळण्यासाठी किंवा हिणवण्यासाठी न वापरता, कोर्टात जबाब नोंदवतात तितक्या काळजीने नोंदवून घेतली पाहिजे.

विरोधी बाजूचे म्हणणे मी आधी मान्य करतो, कारण ते बहुतांशी खरे आहे. १९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची होती आणि संडास मजल्यावर सामाईक होते. त्याच चाळींतल्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळते, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा त्या माणसांच्या डोळ्यांतल्या पाण्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे रात्री-अपरात्री सामाईक संडासाकडे जाताना जीव मुठीत धरला, तिला कोणी पत्र्याच्या पाटीच्या सौंदर्याविषयी ऐकवू नये. हेही खरे की चाळीच्या आठवणी सर्वांत गोड शब्दांत तेच सांगतात, जे तिथून लवकर बाहेर पडले.

दुकानदाराचेही सोवळे चित्र काढता येत नाही. उधारीवर घेतलेला माल रोखीपेक्षा महाग पडे आणि ज्याचे खाते तुंबले आहे त्याला भाव विचारण्याची सोय नसे. तराजूच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला असतो, हा संशय घरोघरी होता आणि तो सर्वच वेळी खोटा नव्हता. वाण्याच्या पलीकडे पठाण होता. रुपयामागे महिना एक आणा या दराने तो पैसे देई, म्हणजे वर्षाला शेकडा पंच्याहत्तर व्याज होई, आणि पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या गेटवर काठी घेऊन उभा राही. ही लूट कामगारांना कळत नव्हती असे अजिबात नाही. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे ती ‘अपना बाजार’ या नावाने मुंबईभर पसरली. योग्य वजन आणि वाजवी भाव ही गोष्ट वाण्याकडे हमखास मिळत असती, तर अशा दुकानाची गरज कोणाला वाटली असती?

सर्वांत जड आक्षेप जातीचा आहे, आणि चाळीच्या गोड आठवणींत तो नेमका गळतो. गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यात सूत ओढून घेताना ते तोंडाने चोखावे लागे आणि त्यांच्या तोंडाला लागलेल्या धोट्याला हात लावायला सवर्ण विणकर तयार नव्हते. साचेखात्यातली मजुरी चांगली असल्यामुळे हा बहिष्कार थेट पोटावर येई. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, जे तेव्हा परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या (बीआयटी) चाळीत राहत होते, हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला होता. जी शिवाशिव गिरणीच्या आत होती ती गिरणीबाहेरच्या खानावळीत, चहाच्या दुकानात आणि नळावर नव्हती असे कोण म्हणेल? खानावळी जातीच्या आणि गावच्या होत्या. कोणाला पंगतीत बसवायचे, कोणाला बाहेरच्या बाहेर डबा द्यायचा आणि कोणाला तोही नाही, हे तिथे ठरलेले असे.

हे सारे मान्य केल्यावर दुकानांच्या आठवणी सोडून द्याव्यात, असे निष्पन्न होते का? माझ्या मते नेमके उलटे होते. कपबशी कोणासाठी वेगळी ठेवली जात होती, हे कोणत्या अहवालात लिहिलेले आहे? काटा मारणारा वाणी कोण होता, कोणत्या खानावळीच्या उंबऱ्यात कोणाला थांबवले जाई, पठाणाला चुकवण्यासाठी माणसे कोणत्या गल्लीने घरी जात, हे त्या दुकानांच्या आसपास वाढलेल्या माणसांनाच ठाऊक आहे. वस्तीतल्या अन्यायाचा पुरावाही याच आठवणींच्या पोटात आहे. ‘स्मरणरंजन’ म्हणून त्या एका फटक्यात बाद करणारे लोक नकळत आपल्याच बाजूचा साक्षीदार घालवून बसतात. दोष आठवणीचा नाही, ती अर्धवट विचारण्याचा आहे.

पूर्ण विचारायची म्हणजे काय, ते उधारीच्या वहीवरून सांगतो. वेतन प्रदान कायदा १९३६ साली झाला आणि ज्या कारखान्यात हजार किंवा अधिक कामगार आहेत, त्याने महिना संपल्यावर दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यावा असे बंधन आले. मुंबईच्या बहुतेक मोठ्या गिरण्या या वर्गात मोडत. म्हणजे कायदा काटेकोर पाळणाऱ्या गिरणीतही एक तारखेला केलेल्या कामाचा मोबदला चाळिसाव्या दिवशी हातात पडण्याची मुभा होती, आणि कायद्यापूर्वी तर याहून उशीर होई. त्या चाळीस दिवसांत कोण कोणाला उधार देत होते? कामगार आपले श्रम मालकाला उधार देत होता, आणि मालकाने न दिलेल्या पैशांच्या जागी वाणी त्याच्या घरी तांदूळ आणि गोडेतेल पोहोचवत होता. गिरणीच्या ताळेबंदात खेळते भांडवल म्हणून जे दिसे, त्याचा एक भाग चाळीच्या तळमजल्यावरच्या वहीत लिहिलेला होता. मुंबईच्या कापडधंद्याचा इतिहास शेअर, साचे, चात्या आणि संप यांच्या आकड्यांनी सांगितला जातो. त्या धंद्याला दर महिन्याला टेकू देणाऱ्या या उधारीचा आकडा कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या घरची वही लांबट होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी दुमडून पिशवीत बसेल अशी. तिच्यातल्या नोंदींची जोड दुकानातल्या मोठ्या वहीत असे. वाणी पुडी बांधून झाली की कानावरची पेन्सिल काढून दोन्हीकडे लिही, आणि मी घरी आलो की आई ते चुलत बहिणीकडून वाचून घेई, कारण तिला स्वतःला वाचता येत नव्हते. आकडे मात्र तिला तोंडपाठ असत. महिन्याच्या आरंभीच्या ओळी ऐसपैस असत : तांदूळ दहा किलो, तूरडाळ दोन किलो, गूळ एक किलो. वीस तारखेनंतर त्या आक्रसत. गोडेतेल पावशेरावर येई, डाळीच्या जागी मसूर येई, आणि ‘चहा पुडी’ ही नोंद रोज वेगळी दिसू लागे, कारण आठवड्याची चहापत्ती एकदम घेण्याइतकी उधारी आता शिल्लक नसे. वडिलांची पाळी बुडाली तर त्याच्या तिसऱ्या दिवशी वहीत गुळाची ओळ येत नसे. दहा तारखेला वडील स्वतः दुकानात जात, पैसे मोजून देत आणि पानावर आडवी रेघ मारून घेत. ती रेघ पूर्ण पानभर गेली नाही, थोडी बाकी पुढच्या पानावर ओढली गेली, तर त्या रात्री घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. शेजारच्या खोलीतल्या बदली कामगाराची वही आमच्याहून पातळ होती, कारण रोज गेटवर उभे राहून ज्याला काम मिळेल तेव्हाच मिळते त्याला वाणी आठवड्यापेक्षा जास्त उधार देत नसे. कामगारांमधली कायम आणि बदली ही दरी किती खोल होती, हे मला वहीच्या जाडीवरून समजले. ते सांगणारी पुस्तके मी पुष्कळ पुढे वाचली.

वहीचा खरा कस संपात लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली साठेक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. त्याच्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे : मालकांचा हट्ट, सरकारची भूमिका, नेतृत्वाचे आडाखे. पण अडीच लाख घरे पगाराविना इतके महिने कशावर जगली? कित्येक जण गावी गेले, शेतीने काहींना धरून ठेवले, बायकांनी मिळेल ते काम केले. आणि जोवर शक्य होते तोवर वाण्याने उधार दिले, खानावळवालीने जेऊ घातले. यात माणुसकी होती, आणि गिऱ्हाईक गेले तर दुकानही जाणार हा हिशेबही होता. दोन्ही एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतात, हे समजायला अडचण का पडावी? त्याच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्हींत नुकसान होते. संप जितका लांबला तितकी त्याची वही जाड होत गेली, आणि ती वसूल होणार नाही हे जेव्हा त्याला कळले तेव्हा आपल्या घाऊक व्यापाऱ्याला त्याला स्वतःच्या खिशातून पैसे द्यावे लागले. संपात फक्त कामगार बुडाले, असे म्हणणे अपुरे आहे.

खानावळवालीची गोष्ट तर याहून पुढची आहे. कोकणातून किंवा घाटावरून एकटा आलेला कामगार दहा बाय दहाच्या खोलीत गाववाल्यांबरोबर आळीपाळीने झोपत असे आणि जेवायला महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईकडे जाई. ती बाई पहाटे उठून तिन्ही पाळ्यांच्या हिशेबाने भाकऱ्या थापे, आणि तिलाही पैसे गिरणीच्या पगारानंतरच मिळत. तिच्या दारावर पाटी नव्हती. दुकान म्हणून तिची नोंद नव्हती, कामगार म्हणूनही नव्हती. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला धंदा म्हणून पहिली ओळख मिळाली. पण पुढे काय झाले ते पाहा. गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असणे ही पात्रतेची अट ठरली. ही अट का आहे ते मला समजते. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. तरी ज्या बाईने तीस वर्षे पंचवीस-तीस कामगारांना रोज दोन वेळा जेवू घातले, ती कोणत्या पटावर होती? तिचे नाव तिच्याकडे जेवणाऱ्यांच्या आठवणींखेरीज कुठेच नाही. अशा वेळी आठवण हा भावनेचा विषय राहतो का, की तो हक्काचा विषय होतो?

गिरणगावाने हे पूर्वी एकदा करून दाखवले आहे. लालबागला पेरू चाळीच्या जागेतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला आणि तिथल्या कोळणी व छोटे विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, पाठपुरावा केला, जागा मिळवली आणि १९३४ मध्ये गणपती बसवला. आज ज्याच्या दर्शनासाठी देशभरातून रांगा लागतात, त्या लालबागच्या राजाचे मूळ असे हरवलेल्या बाजारात आहे, हे मंडळ स्वतः सांगते. तो बाजार गेला तेव्हा कोणी सल्ला दिला असता की झाले गेले विसरा, तर? आपण इथे विकत होतो ही आठवण त्या लोकांनी मागणी म्हणून धरून ठेवली. १९७२च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांबरोबर मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांचाही अभ्यास विद्यापीठातला नव्हता. रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत आणि वाण्याच्या काट्यापुढे उभे राहून तो झालेला होता.

जाहिरातींकडेही याच नजरेने पाहिले तर त्या वेगळे बोलतात. दंतमंजनावर माकड का होते, जर्द्यावर गाय आणि विडीवर उंट का होता? गिऱ्हाइकाला अक्षर वाचता येत नव्हते म्हणून. ‘छाप’ हा शब्द म्हणजे निरक्षर गिऱ्हाइकाला दिलेले नाव होते : लहान पोराला पाठवले तरी ते ‘माकडाचे’ मागून आणील आणि फसणार नाही. शिवाय त्या पाट्यांवर काय विकले जात होते तेही पाहावे. दंतमंजन, साबण, विडी, जर्दा, चहा, डोकेदुखीची गोळी. सारे थोडक्या पैशांत आणि थोडे थोडे घेता येणारे, आणि बहुतेक सारे पाळीच्या आधी किंवा नंतरच्या अर्ध्या तासात लागणारे. बाहेर नामांकित चहाची झगझगीत पाटी टांगलेली असे, आत मात्र बहुतेकांना कागदाच्या पुडीतली सुटी भुकटीच परवडे. पाटी आणि पुडी यांच्यातले अंतर म्हणजे त्या वस्तीच्या मजुरीचे माप होते. पाटी काढून नेणाऱ्याला ते दिसणार नाही, कारण पुडी त्याच्याकडे नाही. भिंतींचेही तसेच. ज्या पेंटरच्या हातून जर्द्याची जाहिरात उतरे, तोच गणेशोत्सवाचा फलक आणि संपाची घोषणा लिही. पावसाळ्यात वरचा थर धुपला की खालची अक्षरे डोकावत, आणि गिरणीच्या कुंपणाच्या भिंतीवर निवडणुकीचे चिन्ह, लाल बावटा आणि साबणाची वडी एकमेकांवर चढलेली दिसत.

आता कोणी म्हणेल की बाजार बदलतोच. शेर गेला आणि किलो आला, आणे गेले आणि १९५७ मध्ये नवा पैसा आला, तेव्हाही कोणी रडले असेल. हा युक्तिवाद मला पटतो. मी जुनी दुकाने टिकवा असे म्हणतच नाही. ज्याला स्वच्छ, छापील किमतीचा, मान खाली न घालता घेता येणारा माल हवा आहे, त्याच्या आड मी येणार नाही. माझी आई आज असती तर तिनेही तोच घेतला असता. माझी हरकत आहे ती जुन्या पाट्यांच्या आजच्या वापराला. गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या महागड्या हॉटेलांच्या भिंतींवर त्या शोभेसाठी लागतात, तेव्हा वस्तीच्या गरिबीतले रंग तेवढे उचलले जातात आणि उधारी मागे राहते. दुकानांच्या पाट्यांविषयीची आपली सार्वजनिक चर्चाही अशीच अपुरी राहिली. २०२२ची कायदादुरुस्ती आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेली दोन महिन्यांची मुदत यांमुळे मराठी पाट्यांचा प्रश्न धसास लागला. मी त्या आग्रहाच्या बाजूचा आहे. पण पाटीवरची लिपी ठरल्यावर पाटीखालच्या माणसाचे काय, त्याचा गाळा कोणाच्या नावावर आहे, पुनर्विकासात त्याला जागा मिळणार की भाडेपावती नसल्यामुळे तो वगळला जाणार, हे प्रश्न त्याच आवेशाने कोणी विचारले का?

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय हाती घेतले आहे. तिथे साचे येतील, भोंगा येईल, छायाचित्रे येतील, आणि ती यायलाच हवीत. तिथे उधारीच्या वह्या, खानावळीचे डबे, वजने, रेशनकार्डे आणि पेंटरची खतावणीही यावी, आणि त्यांच्याशेजारी ती वापरणाऱ्यांचे जबाब त्यांच्या आवाजात ऐकू यावेत. लालबागच्या मसाला गल्लीत आजही बायका मिरच्या निवडून, भाजून, डंकावर कुटून घेतात. तिथे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला ‘जुन्या काळी किती छान होते ना’ असे विचारू नये. तुमच्याकडे खाते होते का, महिन्याला किती उठत असे, संपात वाण्याने कधी हात आखडला, तुम्हाला कोणत्या दुकानाची पायरी चढू देत नसत, असे विचारावे. १९८२ मध्ये जो पंचविशीत होता तो आता सत्तरीच्या घरात आहे, आणि जी बाई तेव्हा चाळिशीत खानावळ चालवत होती ती असली तर ऐंशीच्या पुढे आहे. हे काम करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक चाळ रिकामी करताना जो सर्व्हे होतो, ज्यात खोली, क्षेत्रफळ आणि पावती लिहितात, त्यातच तळमजल्यावरच्या आणि खोलीतून चाललेल्या धंद्यांची चार पानांची नोंद घेता येईल.

आमच्या चाळीतले दुकान रिकामे झाले त्या आठवड्यात मी तिथे गेलो होतो. वाण्याच्या सुनेने सांगितले की पत्र्याच्या दोन पाट्या एका व्यापाऱ्याने रोख पैसे देऊन नेल्या, तराजूही नेला. मोठ्या वह्यांची चार गाठोडी माळ्यावर होती, त्यांना कोणी विचारले नाही. संक्रमण शिबिरातल्या खोलीत ठेवायला जागा नव्हती, तेव्हा तिने ती रद्दीवाल्याला किलोवर दिली. त्यांत १९८२ची होती का, असे मी विचारले. ती म्हणाली, “असेल. सासऱ्यांनी ती वेगळी बांधून ठेवली होती, वरून सुतळी मारून. सोडून बघितली नाही आम्ही कधी.”